बर्फावरचे साडेतीन तास

३ एप्रिल, गुरुवार

ही वही फिजिऑलॉजीची. एकतीस पानं भरलेली, बाकीची कोरी. कोरी पानं फेकवत नाहीत म्हणून लिहायला बसलोय. रोज लिहीन असं वचन मी कुणाला दिलेलं नाही.

एकतिसाव्या पानावर एक अर्धी आकृती आहे. स्वादुपिंडातली पेशी, माझ्या हातून जरा बटाट्यासारखी झालेली. तिच्या काठाला एक दार, दारावर लिहिलंय ‘पोटॅशियम’. साखर आत शिरते त्याचा बाण. आणि खाली धनसिंग सरांचं वाक्य: ‘साखर आत आली की हे दार बंद होतं, आणि दार बंद झालं की’. बस, इथे संपलं.

कारण नेमकं तेव्हा सर म्हणाले, राजदीप, खिडकीबाहेर काय चाललंय ते पेशीपेक्षा मोठं असेल तर आम्हालाही सांग. वर्ग हसला. बाहेर काहीच चाललेलं नव्हतं, एक शेवगा वाऱ्यात डुलत होता. मी म्हणालो, झाड निदान टोमणे तरी मारत नाही. दप्तर उचललं आणि सरळ धुळ्याचा स्टँड गाठला. दुसऱ्या दिवशी परत जाता आलं असतं. तिसऱ्या दिवशी अवघड वाटलं. महिन्याभराने तर तो विषयच मिटला. आईला सांगितलं, कॉलेजच तसलं आहे.

आता जळगावात किरणताईंच्या लॅबमध्ये आहे. सकाळी घरोघर जायचं, रक्त काढायचं, डब्यात घालून आणायचं. सुई टोचायला ताईंनीच शिकवलं. हात हलका आहे म्हणतात माझा. डोकं हलकं नाही, असंही म्हणतात.

५ एप्रिल, शनिवार

मेहरूणला नवीन पेशंट. देवचंद नाना, वय एकसष्ट. दिवाळीत साखर निघाली, बीपी त्याच्या आधीपासून. जन्मभर केळीच्या कटाईवर गेलेला माणूस. घड खांद्यावर घेऊन वाहायचा, रावेरपासून सावद्यापर्यंत सगळे मळे पायाखालचे. अंगातल्या सदऱ्यावर चिकाचे काळे डाग. ते कशाने जात नाहीत. नाना म्हणतात, जाऊ पण नये, ती माझी पेन्शन आहे.

बाही वर करत म्हणाले, “काढ भो. पण जपून काढ, उरलेलं मलाच पुरवायचं आहे.”

लाईट गेलेली होती. त्यांच्या मुलीने मोबाईलचा उजेड धरला. नाव साक्षी. तलाठीच्या परीक्षेचा अभ्यास करते. ती माझ्याकडे नाही, सुईकडे बघत होती. एवढं लक्ष देऊन कुणी माझ्या हाताकडे आजवर पाहिलेलं नाही. रक्त नळीत चढायला लागलं तशी म्हणाली, “तुम्ही पहिल्यांदाच काढताय का?”

मी म्हणालो, हजारावं आहे. खरं तर दोनशेच्या आत असेल.

६ एप्रिल, रविवार

काही झालं नाही. दिवसभर ऊन. तिचा आवाज.

१० एप्रिल, गुरुवार

दुपारी लॅबच्या बाकावर डोळा लागला. स्वप्नात केळीचा मळा होता. आत हिरवा उजेड, पाण्याखाली असतो तसा. प्रत्येक खोडाला एक दार. मी दार लोटतो तर ते बंद व्हायचं, आणि बंद झालं की पलीकडे दुसरं दार उघडल्याचा आवाज यायचा. दिसायचं मात्र नाही. किरणताईंनी पाण्याचे शिंतोडे मारून उठवलं, तोवर मी चौथ्या दारापर्यंत पोचलो होतो.

मेहरूणचा फेरा मी मागून घेतलाय. ताईंनी कारण विचारलं. तिकडे रस्ता चांगला आहे म्हणालो. त्या हसल्या. तिकडचा रस्ता कसा आहे ते सगळ्या जळगावला माहीत आहे.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. संध्याकाळी मिरवणूक. निळ्या गुलालाने रस्ता, माणसं, कुत्री सगळं एका रंगाचं. साक्षी पांढऱ्या साडीत होती. मी ‘जय भीम’ म्हणालो, तीही म्हणाली. एवढ्यावर मी घरापर्यंत चालत आलो, गाडी तिथेच विसरून.

पण नानांचं बरोबर वाटत नाही. दरवर्षी मिरवणुकीच्या पुढे असायचे म्हणे, आज कोपऱ्यावर खुर्ची टाकून बसले होते. पायात गोळे येतात, तीन पायऱ्या चढल्या की बसावं लागतं. नानांच्या बायकोने, केसरकाकूंनी, दिवाळीपासून घरात केळं येऊ दिलेलं नाही. नाना रोज सकाळी दोन खायचे, वयाच्या दहाव्या वर्षापासून. “साखरेच्या माणसाला केळं म्हणजे विषच ना,” काकू म्हणाल्या. नाना मिरवणुकीकडे बघत राहिले.

साक्षीने सांगितलं, गोळ्या दोनदा वाढवल्या तरी साखर चढतेच आहे. डॉक्टरांनी आता एक नवी तपासणी लिहून दिली आहे, पोटॅशियमची. त्यात काही निघालं नाही तर इन्सुलिनच सुरू करायचं म्हणाले. नानांना त्याची धास्ती बसली आहे. त्यांच्या मोठ्या भावाला सुया सुरू झाल्या आणि वर्षात गेले. कारण वेगळं होतं, पण नानांच्या मनातून ते निघत नाही.

“पोटॅशियम म्हणजे केळ्यात असतं तेच ना?” तिने विचारलं. “त्याचा साखरेशी काय संबंध?”

मला अर्धं माहीत होतं, ते मी पूर्ण असल्यासारखं सांगितलं. पेशीला एक दार असतं, पोटॅशियमचं. साखर आली की ते बंद होतं. मग? तिने विचारलं. मग इन्सुलिनचं बघायचं असतं, म्हणालो. तेवढ्यात ढोल जोरात वाजायला लागले. वाचलो.

१६ एप्रिल, बुधवार. मेहरूण तलाव, बांधावर

सकाळचे आठ. आज तिथल्या तिथेच लिहितोय.

सात वीसला नानांचं रक्त घेतलं. दोन नळ्या, साखरेची एक आणि पोटॅशियमची एक. साक्षी दारापर्यंत आली आणि म्हणाली, “नीट न्या हं, याच्यावरच सगळं आहे.” याच्यावरच सगळं आहे. हे ती रक्ताबद्दल म्हणाली हे मला कळतं. तरी.

आता आपल्याकडचं ऊन बघता नळ्या नुसत्या डब्यात न्यायच्या म्हणजे काय. ताईंचं म्हणणं, बर्फ घालू नको, गरजही नाही, एका तासात लॅबमध्ये आण म्हणजे झालं. ताई थंड खोलीत बसतात. दूध, मासळी, लस, सगळं बर्फातच टिकतं. रक्त काय आकाशातून पडलंय? तर बांधाजवळ उखर्डूभाऊंची रसवंती आहे, त्यांच्याकडून ओंजळभर बर्फ घेतला आणि नळ्या त्यात नीट निजवल्या. दुसऱ्या कुणाच्या नळीसाठी मी हे केलं नसतं.

उखर्डूभाऊंनी डब्यात डोकावून पाहिलं. “बरफ रसना करता शे रे भो, रगतना करता नही,” म्हणाले. मी म्हणालो, भाऊ, तुम्ही ऊस बघा.

साडेआठ. बांधावरून तिची अभ्यासिका दिसते. दुसरा मजला, डावीकडची खिडकी. ती आता येईल. आली की निघतो.

नऊला पाच कमी. आली. खिडकीत बसली. पाण्यावर ऊन असं थरथरतंय की समोरची इमारतही पाण्यातच उभी असल्यासारखी वाटते. ती पान उलटते तेव्हा मला इथून वारा लागतो. खरंच.

पावणेदहा. बर्फ वितळला म्हणून नवा आणला. नळ्या गार आहेत, हात लावून बघितल्या. नानांचं रक्त किती शांत पडलंय. मी तिला एक चिठ्ठी लिहायला घेतली, चार ओळी झाल्या, चारही खोडल्या. बगळे एका पायावर उभे आहेत, मीही तसाच.

सव्वादहा. तिने एकदा बाहेर पाहिलं. तलावाकडे पाहिलं असेल. मी तलावाच्या काठावर आहे, म्हणजे हिशेबाने माझ्याकडेच.

पावणेअकराला पोचायचं ठरवलंय. नळीबरोबर लॅबची चिठ्ठी असते, तिच्यावर रक्त घेतल्याची वेळ लिहावी लागते. साडेदहा लिहिली. नाहीतर ताई बोलत बसतील. कागदावर काय वेळ आहे ते रक्ताला थोडंच कळतं.

१७ एप्रिल, गुरुवार

रिपोर्ट मीच नेऊन दिला. साखर दोनशे अडुसष्ट, ते वाईट. पण पोटॅशियम तीन पूर्णांक नऊ, एकदम नॉर्मल, मर्यादेच्या आत. ताईंनी काल एवढंच विचारलं होतं, साडेदहापर्यंत माणूस उपाशी ठेवला का रे? मी हो म्हणालो.

साक्षीला म्हणालो, बघा, पोटॅशियम चांगलं आहे, एक काळजी मिटली. ती पहिल्यांदा हसली. चहा दिला. बशीत दोन बिस्किटं. बर्फाचं सांगणार होतो, पण स्वतःची तारीफ स्वतः करू नये.

२० एप्रिल, रविवार

चहा आठवतोय अजून.

२३ एप्रिल, बुधवार

नाना आज उठले नाहीत. म्हणजे उठले, पण भिंत धरून. ज्या खांद्यावर घड असायचा तो बाही वर करताना थरथरतो. मला म्हणाले, खोड पोखरलं की केळ वरून हिरवीच दिसते, एक दिवस वारा नसताना आडवी होते. काकू ओरडल्या, अभद्र बोलू नका.

माझं म्हणणं, हे केळी बंद केल्याचं दुःख आहे. पन्नास वर्षं ज्याची दोन केळ्यांनी सकाळ व्हायची, त्याची सकाळच काढून घेतली. साक्षी म्हणाली, दुःखाने पायात गोळे येतात का? मी म्हणालो, येतात. मला येतात. ती म्हणाली, तुम्ही जरा विचित्रच आहात.

आधीची साखर, आत्ताची साखर, सगळे कागद बघून डॉक्टरांनी सोमवार ठरवलाय. सोमवारी सकाळपासून इन्सुलिन.

२६ एप्रिल, शनिवार

आज मी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांवर ओरडलो.

साक्षी बाहेर बाकावर रडत होती, तेवढं पुरलं. केबिनमध्ये कुणी पेशंट होता, त्याला बाजूला करून म्हणालो, सहा महिने गोळ्या वाढवताय, माणूस रोज खचतोय, तुमच्या उपचारानेच तो चाललाय. कंपाउंडरने माझा दंड धरला. मी झटकला. टेबलावरचं पेन स्टँड पडलं.

डॉक्टर चिडले नाहीत, तेच वाईट झालं. खाली वाकून पेनं गोळा केली आणि म्हणाले, “बस. तुलाच दाखवतो.” नानांची फाईल उघडली. “पायात गोळे, अशक्तपणा, बीपीची ही गोळी अशी की सारखं लघवीला होतं आणि त्यातून पोटॅशियम जातं. पोटॅशियम गेलं की साखरही चढते. मला तीच शंका होती, म्हणून तपासायला सांगितलं. कमी निघालं असतं तर मी ही गोळी बदलली असती, इन्सुलिनचं नावही काढलं नसतं. पण हे बघ, तीन पूर्णांक नऊ. तूच आणलंस ना हे?”

मी हो म्हणालो.

“मग आता मी कुणाचं ऐकू, तुझं की रिपोर्टचं?”

बाहेर आलो. साक्षी काहीतरी विचारत होती, मला ऐकू येत नव्हतं. डोळ्यापुढे तो डबा. बर्फात निजवलेली नळी.

काही नसेल. बर्फाने काय होणार. थंड तेच टिकतं.

ताईंना विचारावं तर वेळेचं निघेल, वेळेचं निघालं तर नोकरी जाईल, आणि कारण विचारलं तर तलावही निघेल. एकच माणूस आहे ज्याला हे विचारता येईल आणि ज्याच्याकडे माझं आणखी काही बिघडायचं राहिलेलं नाही. उद्या पहाटेची पहिली धुळे गाडी.

२७ एप्रिल, रविवार. पारोळ्याच्या पुढे, गाडीत

अक्षर वेडंवाकडं येतंय. रस्ता आणि मी दोन्ही.

धनसिंग सर देवपुरात राहतात. अंगणात बनियनवर, झाडांना पाणी घालत होते. मला वाटलं ओळखणार नाहीत. नळी बाजूला ठेवून म्हणाले, “ये. शेवगा अजून आहे वर्गाबाहेर.”

दीड वर्ष मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत होतो. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. वही पुढे केली, एकतिसावं पान.

सरांनी ओल्या हाताने पेन घेतलं. सावकाश बोलत आकृती पुरी केली. साखर आत येते. दार बंद होतं. एरवी पोटॅशियम त्या दारातून बाहेर झिरपत असतं, ते आत अडकतं, तशी पेशीवरची विजेची स्थिती पालटते आणि दुसरं दार उघडतं, कॅल्शियमचं. ते आत घुसलं की इन्सुलिनने भरलेल्या पिशव्या काठाशी येऊन बाहेर रिकाम्या होतात. माझ्या स्वप्नातला आवाज तो. दुसऱ्या दाराचा.

मी विचारलं, अंगातच पोटॅशियम कमी झालं तर?

तर पेशी सुस्तावते, सर म्हणाले. साखर उंबऱ्यात येऊन उभी, पण आत कुणी नीट हलत नाही. इन्सुलिन पुरेसं सुटत नाही, साखर चढत जाते. माणूस म्हणतो मी गोड खाल्लं.

मग मी बर्फाचं विचारलं. किती वेळ ठेवलं होतंस, त्यांनी विचारलं. साडेतीन तास. रक्तपेशींच्या आत पोटॅशियम ठासून भरलेलं असतं, सर म्हणाले, आणि एक पंप ते आत धरून ठेवतो. गारठ्यात तो पंप झोपतो. मग आतलं हळूहळू बाहेर पाझरतं, जेवढा वेळ जाईल तेवढं जास्त. नळीचा रंगही बदलेल असं नाही. त्यामुळे नळीत ठीक दिसतं, माणसात कमीच असतं.

“सर, उद्या सकाळी त्यांना इन्सुलिन देणार आहेत.”

सर उभे राहिले. “इन्सुलिन साखरेबरोबर पोटॅशियमही पेशींत ओढतं. आहे ते आणखी उतरेल. हृदयाला ते झेपत नाही.” मग माझ्याकडे असं पाहिलं, तसं तेव्हा वर्गातही पाहिलं नव्हतं. “माणूस जळगावात आणि तू धुळ्यात काय करतोयस? फोन लाव. आत्ता. माझ्यासमोर.”

लावला. किरणताईंना सगळं सांगितलं. बर्फ, वेळ, चिठ्ठीवरचे साडेदहा. तलावाचं सांगायची गरज नव्हती, तेही सांगितलं. मग त्या म्हणाल्या, “नानांचं घर मला माहीत आहे. मी जाते.” फोन ठेवला.

सरांनी चहा पाजला नाही. स्टँडपर्यंत स्कूटरवर सोडलं. उतरताना म्हणाले, जूनमध्ये फॉर्म निघतात.

आत्ता गाडीत ताईंचा मेसेज आला. एकच आकडा. २.६.

बाहेर केळीची शेतं लागली आहेत. हिरवा उजेड काचेतून सगळ्या गाडीभर. मी इथे बसलोय आणि तिकडे जे करायचं ते सगळं दुसरेच करताहेत. गाडी हळू चालली आहे असं वाटतं, पण तशी नसेल.

२८ एप्रिल, सोमवार

नाना कालच दवाखान्यात दाखल झाले. हाताला सलाईन, त्यातून पोटॅशियम, थेंब थेंब, छातीला वायरी लावून. घाईने देता येत नाही म्हणे. बीपीची ती गोळी बंद. इन्सुलिनही आज नाही. डॉक्टरांनी मला लांबून पाहिलं आणि पेन खिशात घातलं.

साक्षीला मीच सांगितलं, जिन्यापाशी. ताईंनी सांगावं असं वाटत होतं, पण ताईंनी साफ नकार दिला. बर्फ, साडेतीन तास, खोटी वेळ. ती ऐकत होती. शेवटी विचारलं, “तुम्ही साडेतीन तास होतात कुठे?”

“तलावावर. बांधावर. तिथून तुमची खिडकी दिसते.”

ती एक पायरी खाली आली.

“म्हणजे तू मला बघत बसलास. आणि नानांचं रक्त तिथे बर्फात.”

पहिल्यांदा तू म्हणाली. या शब्दाची मी किती वाट पाहिली होती, आणि तो असा आला.

माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, “आत्ता नको. आत्ता तुला बरं वाटावं म्हणून मी काही करणार नाही.” आणि वर गेली. सँडलचा आवाज एकेक पायरी.

२ मे, शुक्रवार

नोकरी गेली नाही. डबा गेला. ताईंनी रजिस्टर पुढे टाकलं आणि म्हणाल्या, आलेल्या प्रत्येक नळीची वेळ तू लिहायची. घेतली कधी, पोचली कधी. मिनिटासकट. वेळ लिहायला शीक.

सात दहा, सात चाळीस. सात पंचवीस, आठ पाच. प्रत्येक ओळीमागे कुणीतरी बाही वर केलेली असते. हे आधी कधी डोक्यातच आलं नव्हतं.

त्या तलावावर लिहिलेली पानं आज वाचली. फाडणार होतो. नाही फाडली.

१२ मे, सोमवार

बुद्ध पौर्णिमा. विहारात खीर होती. नाना चालत आले, काठी नाही, कुणाचा हात नाही. मी खांबाआड झालो तर तिथूनच हाक मारली, “ए बर्फवाले.”

सगळे वळून बघायला लागले. गेलो, पाया पडायला वाकलो. म्हणाले, “राहू दे. उपाशीपोटी साखर एकशे अठ्ठेचाळीसवर आली. गोळ्यांवर भागेल म्हणतात सध्या.” साखर गेली नाही, ती राहणारच आहे. नवी बीपीची गोळी लागू पडली. केळ्याचं त्यांनी डॉक्टरांना खास विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, तुमची गोळी जेवढं पोटॅशियम बाहेर काढत होती ते दोन केळ्यांनी भरलं नसतं, तेव्हा केळ्याला देवही करू नका आणि विषही. अर्धं चालेल.

“अर्धं,” नाना म्हणाले. “जन्मभर घड वाहिले आणि माझ्या वाट्याला अर्धं.” पण चेहरा असा, जणू अख्खी बाग मिळाली.

साक्षी खीर वाढत होती. माझ्या द्रोणात वाढली, इतरांएवढीच. कमीही नाही. मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं, कमी नव्हती.

१७ मे, शनिवार

सकाळी ताईंनी डबा परत पुढे केला. नानांचं पोटॅशियम पुन्हा बघायचं आहे, आणि नानांनी सांगितलंय, राजदीपलाच पाठवा. ताईंनी कारण विचारलं तर म्हणाले, ज्याचा पाय एकदा खड्ड्यात गेला त्याला तो रस्ता पाठ असतो.

डबा उघडून दाखवला मी ताईंना. कोरडा.

नानांनी बाही वर केली. खांदा थरथरत नव्हता. केसरकाकू भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होत्या, मांजराकडे दुधाजवळ बघतात तशा. नळी भरली. चिठ्ठीवर वेळ लिहिली, सात बारा. साक्षीने चिठ्ठी हातातून घेतली, मोबाईलवरचं घड्याळ पाहिलं, चिठ्ठी परत दिली.

मी गाडीला किक मारली तर मागे स्कूटी सुरू झाल्याचा आवाज.

“अभ्यासिका आठला उघडते ना?” मी विचारलं.

“मी अभ्यासिकेला नाही चालले,” ती म्हणाली. “तुझ्या मागे येते. चल. कुठे थांबू नकोस.”

निघालो. तलाव डाव्या हाताला आला. उखर्डूभाऊ रसवंती लावत होते. मला बघून त्यांनी बर्फाची लादी गोणपाटाखाली ढकलली आणि वरून गोणपाट दाबून धरलं. मी हसलो, पण गाडी हळू केली नाही. पाणी कसं होतं, बगळे होते की नव्हते, सांगता येणार नाही. मी बघितलं नाही.

आरशात ती होती. तोंडाला पांढरा स्कार्फ, डोळे माझ्या डब्यावर रोखलेले. प्रत्येक वळणाला वाटायचं आता आरसा रिकामा होणार, आणि वळण सरलं की ती पुन्हा त्यात. जेवढं अंतर पहिल्या चौकात होतं तेवढंच शेवटच्या चौकात. एवढा वेळ तिने माझ्याकडे कधीच पाहिलं नव्हतं. आत्ताही डब्याकडेच बघत होती, मला माहीत आहे.

लॅबच्या दारात उतरलो. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, पोचली सात एकतीस. तिने वाकून ओळ वाचली, बोटाने दोन्ही वेळा तपासल्या.

“एकोणीस मिनिटं,” ती म्हणाली.

मग बाकावर बसली आणि पिशवीतून तलाठीचं पुस्तक काढलं. आकडा येईपर्यंत इथेच वाचते म्हणाली.